हरिओमचा नंबर

धाड गावच्या स्टँडसमोर हरिओमचं ऑनलाईन अर्ज भरून द्यायचं सेवा केंद्र होतं. तिथं येणाऱ्याला आधी चहा मिळायचा, काम मागाहून विचारलं जायचं. आलं ठेचून घातलेला, घट्ट, कपभर चहा. एकदा का कुणाचा चहा पोटात गेला की त्याला नाही म्हणणं आपल्याकडं जिवावर येतं, आणि हरिओमला हे फार लवकर कळलं होतं. सगळा बाजार त्याला भला पोरगा म्हणायचा. अब्दुल गनी पिंजारीही म्हणायचा. पुढं त्याच तोंडानं तो त्या चहाचं नाव निघालं तरी थुंकायला लागला, ती ही गोष्ट.

गनीचं दुकान बाजाराच्या गल्लीत होतं. गाद्या, रजया, उशा. त्या भागात रीत अशी, की पोरीच्या लग्नाची गादी घरच्या शेतातल्या कापसाची भरायची. बाप पोतं घेऊन यायचा, गनी कापूस पिंजायचा, खोळीत भरून टाके घालायचा. कापूस ज्याचा त्याचाच त्याच्या गादीत गेला पाहिजे, मूठभरही इकडचा तिकडं होता कामा नये, यावर गनीचा आणि त्याच्या बापाचाही धंदा उभा होता. कुणी पोतं टाकून निघून जायचा आणि आठ दिवसांनी येऊन गादी न्यायचा. मोजमाप नाही, पावती नाही. गनीचं नाव हीच पावती.

पूर्वी दुकानाच्या नोंदणीसाठी गुमास्ता परवान्याचा साहेब यायचा. नव्या गादीवर बसून दोनदा उसळून पाहायचा, ‘कापूस चांगलाय हं’ म्हणायचा, आणि जाताना एक उशी काखेत मारून न्यायचा. दरसाल नवी उशी नेणाऱ्या या माणसाच्या घरात डोकी तरी किती आहेत, असा गनीला प्रश्न पडायचा. मग सरकारनं ठरवलं, की आता कागद बंद आणि साहेबही बंद. छोट्या दुकानदारानं ऑनलाईन नोंद करायची, आपली माहिती खरी आहे असं आपणच म्हणायचं, की झालं. तपासायला कुणी येणार नाही. गनी खूश झाला. उशी वाचली म्हणाला.

तो हरिओमकडं गेला. चहा पिऊन झाला. हरिओमनं आधार कार्ड घेतलं, अंगठा घेतला आणि यंत्रावर खाडखाड बोटं चालवली.

“चाचा, यादीत गादी-रजई नाही दिसून राह्यली. कापूस हाये. टाकू?”

“टाक ना बापा. कापूसच तं हाये.”

“अन् मोबाईल नंबर? तुमचा कधी चार्जिंगले, कधी बंद. ओटीपी आला अन् तुमी मशीनपाशी असले तं ऐकू नाही येनार. माहाच टाकतो. जमते ना?”

“हाव,” गनी म्हणाला. कप अजून हातातच होता.

यात त्याला काही वावगं वाटलं नाही, आणि वाटावं तरी का? गावात मोबाईल नंबर म्हणजे विहीर. एकाची असली तरी सगळ्यांनी पाणी शेंदायचं. अर्ध्या बाजाराच्या नोंदींवर हरिओमचाच नंबर होता. पीकविमा असो, गॅस असो, बँक असो, सरकारी दवाखान्याचा केसपेपर असो, खिडकीवरच्यानं विचारलं की माणसं घडाघडा तो नंबर सांगायची. शेवटी ओळीनं तीनदा पाच असल्यामुळं तो तोंडात बसायचाही पटकन. गनीला स्वतःचा नंबर येत नव्हता, हरिओमचा मात्र पाढ्यासारखा पाठ होता. राबिया, त्याची बायको, वैतागून म्हणायची, “अपना नंबर तो याद करो जी!” गनी हसायचा. आपला नंबर विचारतो कोण, म्हणायचा.

तो फोन हरिओमच्या खिशातही नसायचा. दिवसभर त्यावर एवढे कोड यायचे, की त्यानं तो घरी आईजवळ ठेवला होता. सत्यभामाबाई ओसरीवर बसून तूर निवडायची. फोन पितळी वाटीत ठेवलेला, म्हणजे वाजला की वाटीसकट वाजावा. हरिओम दुसऱ्या फोनवरून विचारायचा, “आये, आला का?” आणि ती चष्मा लावून एकेक आकडा मोठ्यानं वाचायची. सगळ्या बाजाराच्या किल्ल्या त्या वाटीत होत्या. म्हातारीला त्याचा केवढा अभिमान! माह्यावाचून सरकारचं चालत नाही, म्हणायची.

दोन हंगाम गेले. दिवाळी उलटली तसं एके दिवशी एक जीप गनीच्या दुकानासमोर थांबली. उतरले ते चार-पाच जण लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरचे. पुढं होता तो कडूबा, उंच, हाडाचा, डोळे तांबारलेले. त्यानं खांद्यावरचं पोतं उंबऱ्याच्या आत आणलं आणि पिंजलेल्या पांढऱ्या कापसावरच रिकामं केलं. कवडी कापूस होता. पिवळा-काळा, किडीच्या विष्ठेनं चिकटलेला, सरकीला गाठी झालेला. त्यातून एक गुलाबी अळी निघाली आणि कुणाच्या तरी लग्नाच्या कापसावर सावकाश चालू लागली.

“कर याची गादी,” कडूबा म्हणाला. “अन् झोप तिच्यावर.”

गनीला आधी काही कळेचना. मग कडूबानं बिल काढलं. मन्सुरी कॉटन सीड्स, धाड, प्रोप्रायटर अब्दुल गनी. खाली नोंदणी नंबर, कोपऱ्यात तो काळा-पांढरा चौकोन. सुट्टं बियाणं घेऊ नका, बिल घ्या, असं भोंग्यावरून सांगितलं होतं, म्हणून त्यांनी हट्टानं बिल घेतलं होतं. पेरणीच्या आधी एक अनोळखी माणूस जीपमधून पाकिटं घेऊन आला होता. बीटी आहे, बोंडाला अळी शिवणार नाही, म्हणाला होता. चौकोन मोबाईलनं तपासला तर सरकारच्या पानावर नाव निघालं, पत्ता निघाला. पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, छातीएवढी झाली, आणि अळीनं बोंडं भाजीसारखी खाल्ली.

“पन म्या आयुष्यात कवा बियानं इकलं नाही, भाऊ,” गनी म्हणाला. “मी पिंजारी. इचारा कोनालेबी.”

कडूबानं दुकानभर नजर फिरवली. खोळी, दोरा, हातभर लांब सुया, नाकातोंडात जाणारा कापूस. त्याचा आवाज खाली आला.

“तू चोर नाही हे मले दिसते, बाबा. आंधळा नाही मी. पन जीपवाल्याचं मले नाव नाही ठाव, गाव नाही ठाव. बिलावर नाव तुह्यं हाये. भरपाई भेटन तं त्याच नावावर भेटन.” थोडं थांबून तो म्हणाला, “पुढच्या बाजाराच्या दिवशी मी ठान्यात जातो. तोवर तुले काय करायचं ते कर.”

गनीला याचीच सगळ्यात जास्त किळस आली. शिव्या दिल्या असत्या, गचांडी धरली असती तर बरं झालं असतं. हा माणूस सगळं समजून सांगत होता, की तू निर्दोष आहेस, पण मला तू दोषी असण्याची गरज आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं संन्याशाला तसं आधी प्रेमानं सांगूनही झालं होतं. जीप गेल्यावर गनीनं तो किडका कापूस हातानं वेचून काढला. पांढऱ्यात मिसळलेला काही केल्या पूर्ण निघेना. शेवटी त्यानं सगळाच ढीग मागच्या उकिरड्यावर नेऊन जाळला.

तिथून तो तडक केंद्रावर गेला. हरिओमनं खुर्ची पुसून दिली.

“हरिओम, माह्या नावानं बियानं कोन इकलं?”

“बसा, चाचा. चहा सांगतो.”

“चहा नको. सांग.”

हरिओमनं तरीही चहा सांगितला. मग हसून म्हणाला, “एक पाव्हने होते. नोंद पायजे होती त्याहीले. तुमची कापसाची हायेच म्हनलं, तं त्याच्यात बियानं जोडून देलं. तुमचं काय गेलं, चाचा? दुकान तं तिथंच हाये.”

एवढ्या मऊ आवाजात तो हे म्हणाला, की गनीच्या अंगावर शहारा आला. लबाडी करणारे त्यानं पुष्कळ पाहिले होते. त्यांच्या तोंडावर निदान लबाडीचा घाम तरी असायचा. याच्या तोंडावर पावडर होती.

“काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ.”

“काढतो ना. ऑनलाईन हाये, पाच मिनिटाचं काम.” त्यानं यंत्रावर काहीतरी केलं, दुसरा फोन कानाला लावला. “आये, आला का?”

फोनमधून सत्यभामाबाईचा खणखणीत आवाज गनीला इकडं ऐकू आला. “सात… शून्य… चार… चार…”

हरिओम गनीच्या डोळ्यांत पाहत होता. “नाही आला म्हनते, चाचा,” त्यानं सांगितलं आणि फोन ठेवला. “नेटवर्कच नाही. उद्या पाहू. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.”

कपावर साय धरली होती. गनीनं कप तसाच परत सरकवला. तो उठला आणि बाहेर येऊन नालीत थुंकला.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं जिल्ह्याच्या गावी गेला. कार्यालयात खिडकीमागं एक तरुण बाई बसली होती. स्वभावानं चांगली होती, त्याचं सगळं ऐकून घेतलं तिनं. भिंतीवर मोठं चित्र लावलेलं, त्यात एक दुकानदार मोबाईलकडं पाहून दात काढून हसत होता.

“काका, आता आमच्याकडे काहीच नसतं. सगळं तुमच्याच हातात दिलंय,” ती म्हणाली. “तुम्ही घरबसल्या दुरुस्ती करू शकता. फक्त आधी मोबाईल नंबर बदलून घ्या.”

“मंग बदला ना, बाई.”

“बदलायला जुन्या नंबरवर कोड येईल.”

“जुना नंबर तं चोराच्या घरी हाये!”

ती ओशाळली. इकडंतिकडं पाहून म्हणाली, “मग त्यांच्याकडून घ्या कोड.”

गनीला त्या जुन्या उशीवाल्या साहेबाची आठवण आली, आणि आली याची लाज वाटली. तो हरामखोर होता, पण त्याला तोंड होतं. त्याच्या दारात जाऊन बसता आलं असतं, बोंबलता आलं असतं. या नव्या सोयीत बोंबलायचं कुणाच्या नावानं? घर पुसून लख्ख केलं आणि किल्ली चोराच्या कमरेला बांधली, त्याला म्हणे सुधारणा.

परतल्यावर त्यानं बाजारात चार जणांना गाठलं. तुमच्याही नोंदीवर त्याचाच नंबर आहे, चला माझ्याबरोबर, म्हणाला. हॉटेलवाल्या नारायणरावांच्या घरच्या तीन पोरींच्या गाद्या गनीनं भरल्या होत्या. नारायणरावांनी भज्यांची कढई सोडली नाही.

“गनीभाऊ, माहा पीकविमा त्याच्याच नंबरावर हाये. आता कुठी यादी लागून राह्यली. येवढं होऊन जाऊ द्या, मंग पाहू.”

कुणाची पेन्शन, कुणाचं पोरीच्या शिष्यवृत्तीचं काम. प्रत्येकानं गनीच्या पाठीवर हात ठेवला, हळहळ केली, आणि संध्याकाळी तेच सगळे हरिओमच्या बाकावर बसून कप तोंडाला लावत होते. गल्लीतून जाताना गनीनं ते पाहिलं. भुरके मारल्याचा आवाज येत होता. त्याला त्या सगळ्यांची घाण वाटली, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तिथंच बसलो असतो हे मनात आलं तशी स्वतःचीही वाटली.

एकटी संजीवनी तेवढी त्याच्या बाजूनं उभी राहिली. ती शेजारच्या गाळ्यात शिवणकाम करायची, गनीच्या गाद्यांच्या खोळी तीच शिवून द्यायची. तिच्याजवळ मोठा फोन होता.

“चाचा, पान मी उघडतो,” ती म्हणाली. बायका तिकडं ‘जातो, येतो’ असंच बोलतात. “नंबर बदलायचं बटन मी दाबतो. कोड तं सत्यभामाकाकूच्या वाटीत येनार. त्याहीले कोनाचा कोड हाये ते थोडी समजते? गॅसचा हाये म्हना. वाचून देतीन.”

गनीला ते पटलं. वाटेत त्यानं दोनदा मनात घोकलंही, गॅसचा आहे, गॅसचा आहे.

हरिओम केंद्रावर होता. त्याची बायको माहेरी, बाळंतपणाला. सत्यभामाबाई ओसरीवर तूर निवडत बसली होती. गनीला पाहून तिला आनंद झाला. “या गनीभाऊ! किती दिवसानं!” म्हणत ती उठली, आणि नको नको म्हणताना दोघांच्या हातात चहाचे कप दिले. तिच्या लग्नातली गादी गनीच्या बापानं भरली होती, ते ती सांगू लागली. अजून तिच्यावरच झोपते, म्हणाली, दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घेते एवढंच.

गनीनं कपाकडं पाहिलं. आलं ठेचून घातलेला, घट्ट. म्हातारीच्या ओसरीवर बसायचं, गोड बोलायचं, तिचा चहा प्यायचा आणि तिच्याच तोंडून तिच्या पोराच्या गळ्यात फास अडकवायचा. मग त्याच्यात आणि हरिओममध्ये फरक तो काय राहिला? त्याला ते शब्द काही तोंडातून काढता येईनात. त्यानं कप खाली ठेवला.

“भाबी, खरं सांगतो,” तो म्हणाला. संजीवनीनं डोळ्यांनी खुणावलं, पण तो थांबला नाही. “तुमच्या पोरानं माह्यं नाव इकलं. लोकायचं पीक गेलं, अन् पोलीस माह्या दारी येऊन राह्यले. आता वाटीत एक कोड येईन. तो सांगितला तं माह्यं नाव माह्या हातात येते. नाही तं मी गेलो.”

सत्यभामाबाईच्या हातातलं सूप थांबलं. मग तिनं पदरानं चष्मा पुसला.

“असं केलं माह्या पोरानं?” ती म्हणाली. “बोलवा बाई तुमचा कोड.”

संजीवनीनं बटण दाबलं. वाटी खणखणली. म्हातारीनं फोन उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि एकेक आकडा नीट सांगितला. संजीवनीनं टाकला. चुकीचा आहे, असं आलं. परत मागवला. वाटी परत वाजली, म्हातारीनं परत वाचला. परत चुकीचा.

“काकू, मले दाखवा जरा.”

“मले वाचता येते,” म्हातारी म्हणाली आणि फोन छातीशी धरला. “सगळ्या बजाराचे मीच वाचतो.”

तिसऱ्यांदा तिनं आणखी सावकाश वाचला. संजीवनीनं टाकला, आणि पानावर लाल अक्षरं उमटली. तीन वेळा चुकीचा कोड, नोंद कुलूपबंद.

आजवर जिचा एक आकडा चुकला नव्हता ती बाई तीनदा चुकली होती. गनीनं तिच्याकडं पाहिलं. ती मान खाली घालून तुरीतले खडे वेचत होती, आणि खडे नसलेल्या जागीही तिची बोटं फिरत होती.

“सुनेचे दिवस भरले हायेत, गनीभाऊ,” ती पुटपुटली. “आज-उद्यात लेकरू होईन.”

गनी उठला. खोटं बोललो असतो तर आज सुटलो असतो, एवढंच त्याला कळलं. वाटेत संजीवनी त्याच्यावर चिडली, मग रडली, मग म्हणाली, “चाचा, आता एकच. कडूबाच्या आधी तुमीच ठान्यात जा. हरिओमच्या नावाची तक्रार तुमीच टाका. आधी ज्याची तक्रार त्याचं आईकतेत.”

बाजाराच्या दिवशी सकाळीच गनी ठाण्यात पोचला. राबियानं धुतलेला सदरा दिला होता. कडूबाची जीप अजून यायची होती. टेबलामागचा हवालदार सज्जन माणूस होता. त्यानं गनीला बसवलं, सगळं शांतपणे ऐकलं आणि जसं ऐकलं तसं यंत्रावर लिहिलं. हरिओमचं नाव लिहिलं, पाव्हण्याचं लिहिलं, बियाण्याचं लिहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी गनीचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घेत होतं. त्याच्या छातीवरचं ओझं उतरल्यागत झालं.

“आता तक्रार ऑनलाईनच जाते, चाचा,” हवालदार म्हणाला. “नाव झालं. गाव झालं. मोबाईल नंबर?”

गनीनं घडाघडा नंबर सांगितला. हवालदारानं टाकला, बटण दाबलं.

“कोड आला असन. तो सांगा, म्हंजे तक्रार पक्की.”

गनीनं खिशातून आपला छोटा फोन काढला. फोन गप्प होता. त्यानं तो हलवला, पुसला, उजेडाकडं धरला. काहीच आलं नव्हतं. हवालदारानं खातरजमा करायला पडद्यावरचा नंबर वाचून दाखवला, आणि शेवटचे तीन पाच ऐकून गनीला कळलं, की आपण हरिओमचाच नंबर सांगितला. त्याला आपली जीभ दातांखाली धरून तोडावीशी वाटली. दुसऱ्याचं उष्टं चाटून चाटून सवकलेली जीभ!

“साहेब, चुकला! बदला तो नंबर, लवकर बदला!”

“बदलता येते ना,” हवालदार म्हणाला. “पन एकदा टाकला की बदलायले त्या जुन्या नंबरावरच कोड येते.”

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. कडूबा पायऱ्या चढत होता, त्याच्या हातात बिल होतं आणि त्याला स्वतःचा नंबर पाठ होता.

तिकडं ओसरीवर वाटी खणखणली असेल. सत्यभामाबाईनं चष्मा लावला असेल, आणि आपल्या पोराला एकेक आकडा अगदी बरोबर वाचून दाखवला असेल.